मुळशीचे धरण : बुडाले कोण आणि तरले कोण?

मुळशीच्या सत्याग्रहाला २०२१ साली शंभर वर्षे भरली. धरणाविरुद्ध लोकांनी संघटितपणे दिलेला जगातला हा पहिला लढा, असे विद्वान मंडळी आता म्हणू लागली आहेत. मावळातल्या अडाणी, अर्धपोटी शेतकऱ्याने एक बलाढ्य कंपनी आणि तिच्या पाठीशी उभे असलेले इंग्रज सरकार या दोघांना एकाच वेळी अडवून धरले, हे ऐकून आमचीही छाती फुगते.

पण वाचकहो, कोठे जयजयकार सुरू झाला की आधी हिशेबाची वही मागावी, अशी आम्हाला खोडच लागली आहे. ही खोड उगाच लागलेली नाही. आजवर ज्या ज्या वेळी आमच्या नावाने जयजयकार झाला, त्या त्या वेळी वही उघडून पाहता आत नाव दुसऱ्याचेच निघाले. म्हणून मुळशीबद्दलही आमचा एकच रोखठोक प्रश्न आहे. जमीन बुडाली ती कोणाची, आणि तिचे पैसे कोणाच्या पदरात पडले?

या प्रश्नाचे उत्तर कळावयाचे तर आधी धरण तेथेच का झाले ते पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. ते पाणी उताराच्या नियमाने पूर्वेकडे वाहते. मुळा आणि निळा या नद्या मुळशीपाशी मिळतात, मुळा पुढे पुण्यास मुठेला मिळते, आणि ते सारे पाणी भीमेत जाते. भीमेच्या काठची पुणे-सोलापूरकडील कोरडी रयत त्या पाण्याकडे डोळे लावून बसलेली असते. पण त्याच माथ्याच्या पश्चिमेस डोंगराचा कडा एकदम तुटून कोकणात उतरतो. माथ्यावर बांध घालून पाणी अडवावे, बोगद्यातून व नळातून दीड हजार फुटांवर खाली सोडावे, म्हणजे त्याच्या धडकेने यंत्रे फिरतात आणि वीज निघते. पाऊस निसर्गाचा, उतार देवाचा. कंपनीने घालावयाचा तो फक्त बांध.

टाटांनी ही युक्ती प्रथम लोणावळ्याकडे केली. १९१० साली कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मागून आंध्र मावळात दुसरे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले. तिसरी पाळी मुळशीची. मुंबईतील गिरण्यांचा कोळसा वाचणार, धूर कमी होणार, गाड्या विजेवर चालणार. हे सगळे खरे होते, आम्ही ते नाकारीत नाही. परंतु मुंबईचा धूर कमी व्हावा म्हणून मावळच्या चुली का विझाव्यात, हे मात्र मावळ्याला कोणी समजावून सांगितले नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आता ती जमीन कशी होती ते ऐका. मुळशीचे खोरे म्हणजे भाताचे कोठार. तेथील आंबेमोहर शिजू लागला की वास शेजारच्या घरात जातो. त्या तांदळाला २०१६ साली सरकारने भौगोलिक मानांकनही दिले. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी पिकते, पण आंबेमोहर पिकतो तो नदीकाठच्या खाचरात. आणि पाणी तुंबले म्हणजे आधी बुडते ते नदीकाठचेच खाचर. पिढ्यानपिढ्या बांध घालून, गाळ साठवून, चिखल तुडवून ज्याने ती खाचरे केली तो मावळा कुणबी. पण कागदावर ती जमीन कोणाची होती?

येथेच खरी मेख आहे. आषाढ आला की मावळ्याच्या घरात ना दाणा ना बियाणे. मग पुण्याच्या सावकाराची पायरी चढावी, दिढीने भात आणावे, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवावा. पीक आले की खळ्यावरच मापे भरून जात. जे फिटले नाही ते व्याजात, व्याज मुद्दलात, मुद्दल गहाणखतात आणि गहाणखत खरेदीखतात. एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत बापाचा मुलगा होई आणि मालकाचे कूळ होई. खाचरात उभा राहणारा तोच, बैल त्याचेच, घाम त्याचाच. दप्तरी नाव मात्र पेठेतल्या सावकाराचे. त्या सावकारांत ब्राह्मण पुष्कळ होते हे इतिहासात नमूद आहे. परंतु आमचे भांडण कोणाच्या जन्माशी नाही. सावकार कोणत्याही जातीचा असो, अंगठा उठवणाराच बुडतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावी जे दंगे झाले, त्यांत लोकांनी सावकारांची माणसे मारण्यापेक्षा त्यांचे कागद हिसकावून जाळण्याचाच सपाटा लावला. कागदच आपल्याला खातो एवढे त्या निरक्षर माणसांनी अचूक ताडले होते. त्या दंग्यांवरून १८७९ साली शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. पण ज्याला कायदा वाचता येत नाही त्याला कायद्याचे साह्य व्हावे कसे? विहीर खोदून दिली आणि दोर सावकाराच्या हाती ठेवला, असा तो प्रकार झाला.

अशा स्थितीत कंपनी आली. तिच्यासाठी जमीन घेतली सरकारने, १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याने. हा कायदा म्हणे सार्वजनिक कामासाठी! कंपनीचा नफा हे सार्वजनिक काम कसे, हा वाद तेव्हाही निघाला होता. आमच्या मते त्याहून मोठी गोम दुसरीच होती. त्या कायद्याला डोळे होते ते कागद पाहण्यापुरते. ज्याचा हक्क दप्तरात त्याला रक्कम. जो सालाने कसतो, ज्याचा करार तोंडी, त्याला हक्क शाबीत करता येईना. जमिनीला जमीन, घराला घर, अशी सक्ती त्या कायद्यात कोठेच नव्हती. पैसे मोजले की सरकारचे कर्तव्य संपले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, मावळे शेकड्यांनी धरणाच्या जागी जाऊन बसले. बायाबापड्याही मागे राहिल्या नाहीत. काम थांबले. काही महिने असे वाटले की, ही माणसे जिंकतात की काय. पण लढा लांबला, कंपनीने मोबदल्याची बोली पुढे केली, आणि मग जो तो आपापल्या कागदाकडे पाहू लागला. सावकाराला जमीन ही रकमेच्या रूपाने परत मिळणारी चीज होती. चांगला भाव आला, त्याचे काम झाले. तो मोबदला घेण्याकडे वळला. मावळ्याला जमीन म्हणजे चूल, दैवत, वडिलांची समाधी आणि पुढल्या सालचे पोट. तिला भाव कोणता लावावा? एकाच झेंड्याखाली दोघे उभे होते. पण एकाला किंमत हवी होती आणि दुसऱ्याला गाव हवे होते. किंमत मिळताच पहिला निघून गेला. दुसरा पाण्याकडे पाहत उभा राहिला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे मावळ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत झुंजले. बापटांना सेनापती हे नाव मुळशीनेच दिले. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी कंपनीच्या कामाची आगगाडी अडवली आणि त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. ते ब्राह्मणाच्या घरी जन्मले म्हणून त्यांचे श्रेय कमी करावे, इतके आम्ही कोते नाही. माणूस कोणत्या घरात जन्मला यापेक्षा तो कोणाच्या दारात उभा राहिला, हे आम्ही पाहतो. परंतु आमचा सवाल राहतोच. सेनापतीचे नाव शाळेतल्या पोराला ठाऊक आहे, हे योग्यच. मग त्या सेनेतल्या शिपायांची नावे कोठे आहेत? तुरुंगात गेलेले मावळे, मार खाल्लेल्या मावळणी, त्यांच्या गावांची नावे तरी किती जणांना सांगता येतील? इतिहासाचा कागदही सातबाऱ्यासारखाच झाला. कसणारा एक आणि खातेदार दुसरा.

१९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. धरण सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब झाले. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. पूर्वेस भीमेकडे जाणारे पाणी पश्चिमेस कुंडलिकेत पडू लागले, आणि अजून पडते आहे.

आता कारागीर बंधूंनो, तुमची गोष्ट. आतापर्यंत आम्ही कुणब्याविषयी बोललो. त्याचे नाव निदान कुळ म्हणून कोणाच्या तरी तोंडी होते. तुमचे तर तेही नव्हते. गाव म्हणजे नुसती जमीन नव्हे. सुतार नांगर भरतो, लोहार फाळ शेवटतो, कुंभार मडकी देतो, चांभार मोट शिवतो, न्हावी, परीट, महार, मांग आपापले काम करतात, आणि खळ्यावर प्रत्येकाच्या पेंढ्या ठरलेल्या असतात. हे बलुते कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते. ते गावाच्या तोंडात असते. गाव बुडाले, ते तोंडच बंद झाले. सुताराने कोणत्या साहेबापुढे जाऊन सांगावे की, साहेब, माझी पंचवीस घरे बुडाली, त्यांचे बलुते भरून द्या? जमिनीचा भाव झाला, झाडाचा झाला, घराच्या भिंतीचा झाला. पण हातातल्या कसबाला ज्या गावाचा आधार होता त्या गावाचा भाव करण्याचे कलम कोणत्याही कायद्यात नव्हते. भाता खांद्यावर टाकून लोहार डोंगर चढला, तेव्हा त्याची नोंद करण्यास कोणी कारकूनही तेथे बसला नव्हता.

यावर कोणी शहाणा म्हणेल, "तुम्ही धरणांच्या विरुद्ध आहात. तुम्हाला सुधारणा नको." आमचे उत्तर ऐका. धरणाचा मंत्र आम्हाला कोणी शिकवावयास नको. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सांगितले की, सरकारने आपल्या पलटणीतल्या व पोलीस खात्यातल्या माणसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, पाणी जमिनीत मुरवावे. त्याच पुस्तकात त्यांनी पाटबंधारे खात्यातल्या कामगारांच्या बेपर्वाईवरही आसूड ओढला आहे. म्हणजे पाणी अडवा हेही आम्हीच म्हटले, आणि अडवलेले पाणी कोणाला मिळते हे तपासा हेही आम्हीच म्हटले.

आणि करून दाखवणाराही आमच्यातच झाला. दुष्काळाचा अनुभव घेऊन शाहू छत्रपतींनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात पाटबंधाऱ्यांचे धोरण ठरवले, आणि पुढे काही वर्षांतच भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पैशाच्या अडचणीने काम रखडले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हाही ते पुरे झालेले नव्हते. पुढे पुष्कळ वर्षांनी ते पुरे झाले. तेथेही वीज निघते. पण ते पाणी यंत्र फिरवून पुन्हा भोगावतीतच येते आणि खालच्या रयतेच्या शेतात जाते. तेथेही जमिनी बुडाल्या, तेथल्याही बुडालेल्यांचे ऋण आहेच. आम्ही कोणाही राजाचा भाट होऊन ते झाकणार नाही. तरी फरक ध्यानात घ्या. राधानगरीचा बांध घातला तो शेतात पाणी न्यावे म्हणून, आणि मुळशीचा बांध घातला तो शेतातले पाणी काढून न्यावे म्हणून. बांध दोन्हीकडे दगडाचाच. प्रश्न दगडाचा नसून पाण्याच्या वाटेचा आहे.

दुसरा कोणी म्हणेल, "ते इंग्रजाचे राज्य होते, सावकारी होती. आता सारे बदलले." बदलले काय, ते कोयनेला विचारा. १९५४ साली पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयनेवर धरण बांधावयास घेतले. सरकार आपले, इंजिनियर आपले, अभिमानही आपलाच. १०३ मीटर उंचीचा बांध झाला, शंभराहून अधिक टीएमसी पाणी साठले, आणि सह्याद्रीच्या पोटातून ते पोफळीला उतरून महाराष्ट्राला वीज देऊ लागले. पूर्वेस कृष्णेला मिळणाऱ्या पाण्यापैकी दरसाल ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेस नेण्याची मुभा १९७६ साली कृष्णा पाणी लवादाने दिली. वीज हवी, ती झाली, याचा आनंद आहे. पण शंभराच्या आसपास गावे उठली त्यांचे काय? पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. कोयनेचे पाणी साठून तोवर दहा-पंधरा वर्षे लोटली होती. माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. जी खोऱ्यातच वर डोंगरात सरकली, त्यांच्या नशिबी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आला. त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. आणि २०१८ साली, धरण पुरे होऊन अर्धशतक उलटल्यावर, कोयनानगरला धरणग्रस्त पुन्हा जमिनीसाठी धरणे धरून बसलेच होते. आजोबाची जमीन गेली, अर्ज नातू करतो आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्या लोकांनी हौसेने केलेली नाही.

मुळशीच्या कुळावर तर काळाने विनोदच केला. १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवसापासून कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला जाऊ लागला. अन्य मावळात कित्येक घरांत त्या कायद्याने दिवा लागला. पण मुळशीच्या कुळाने काय करावे? त्याचे खाचर तीस वर्षे पाण्याखाली होते. तळ्याच्या तळाला कसणारा कोण असणार? कायदा आला तेव्हा जमीन नव्हती. जमीन होती तेव्हा कायदा नव्हता. सावकाराने मात्र दोन्हीच्या मध्ये आपली रक्कम मोजून घेतली होती.

अखेर २०१३ साली १८९४ चा तो जुना कायदा रद्द होऊन नवा कायदा झाला, आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. त्यात प्रथमच असे लिहिले गेले की, जमिनीचा मालकच तेवढा बाधित नव्हे. कूळ, वाटेकरी, शेतमजूर आणि कारागीर यांचे पोट त्या जमिनीवर असेल तर तेही बाधित कुटुंबच. कारागीर हा शब्द त्या कायद्यात आहे, बंधूंनो! मुळशीच्या लोहाराची दाद घेण्यास सरकारदरबारी नव्वद वर्षे लागली. परंतु हर्ष करण्याआधी पुढची अट वाचा. जमीन घेण्यापूर्वी तीन वर्षे तो तेथे काम करीत असला पाहिजे. आणि तीन वर्षे काम केले हे दाखवावयाचे कशाने? पुन्हा कागदानेच!

म्हणून आमचे सांगणे हे की, मुळशीचा उत्सव करावयाचा तर तो हारतुऱ्यांनी करू नका. आपल्या घरातला कागद काढा आणि वाचा. सातबाऱ्यावर आपले नाव आहे काय? बाप वारल्यावर वारसाची नोंद झाली काय? घरच्या बाईचे, बहिणीचे नाव त्यात आहे की तिला हक्कसोडीवर सही करावयास लावली? वाटेने जमीन करता तर करार लेखी आहे की मालक म्हणतो, "आपल्यात कशाला कागद?" असे म्हणणाऱ्या मालकाची भीड धरू नका, त्याच्या घरी सगळे कागद असतात. कारागिराने आपल्या दुकानाची, भट्टीची, भात्याची नोंद ग्रामपंचायतीत करून घ्यावी आणि दाखला पेटीत ठेवावा. ग्रामसभेत धरणाचा, रस्त्याचा, कोणत्याही प्रकल्पाचा विषय निघाला की भाव काय मिळणार हे विचारण्याआधी विचारा: यादी कोणी केली? तीत कूळ आहे काय? मजूर आहे काय? सुतार-लोहार-कुंभार आहे काय? यादी वाचून दाखवा, मगच पुढचे बोला.

आणि ज्यांच्या पोरांना चार बुके वाचता येतात त्यांनी आणखी एक काम करावे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून, कोणाचे घर कोठे होते, कोणते खाचर कोण करीत होता, कोणाचे बलुते किती होते, हे लिहून काढावे. मुळशीत असो, कोयनेत असो, की जेथे जेथे पाणी चढले तेथे. मोठी माणसे आपला इतिहास आपण लिहून घेतात. आपला इतिहास दुसऱ्याने लिहावा म्हणून आपण शंभर वर्षे वाट पाहिली, आणि त्यात आपण निघालो ते 'जमाव' म्हणून.

उन्हाळ्यात मुळशीचे पाणी उतरले की काठाला जुन्या गावांच्या खुणा दिसू लागतात. त्या दगडांवर कोणाचे नाव नाही. आम्ही म्हणतो, दगडावर नसो. पण पुढच्या खेपेला कागदावर ते असले पाहिजे, आणि तो कागद वाचणारा आपल्याच घरातला असला पाहिजे. तेवढे झाले नाही तर उद्या दुसऱ्या खोऱ्यात दुसरे धरण होईल, पुन्हा आपला जयजयकार होईल, आणि पुन्हा वहीत नाव दुसऱ्याचेच निघेल.